चेंडूस स्पर्श : शून्य

पेडण्याच्या एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात सगुण भिकाजी गावस नावाचा विद्यार्थी असून तो संपूर्ण सामन्यात चेंडूला एकदाही पाय लावत नाही, ही बाब गोवा राज्य झाल्यानंतरच्या दहाव्या वर्षी प्रथम लेखी स्वरूपात नोंदवली गेली. तोंडी स्वरूपात ती त्याआधी दोन वर्षे साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. पण तोंडी माहितीवर कारवाई करायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे तोवर संघ सामने जिंकत राहिला.

सगुणचे काम एकच होते. समोरच्या संघात ज्याच्या पायात चेंडू असेल त्याच्या अंगावर धावून जायचे. हा गुण त्याने मैदानावर कमावलेला नव्हता. त्याचे घर डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेला. बाप भिकाजी मूळचा दोडामार्गाकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला आणि तिथेच राहिला. उन्हाळ्यात काजूच्या बागेत माकडे उतरली की त्यांना हाकलायचे काम लहानपणी सगुणकडे असे. त्यात त्याने एक गोष्ट शोधून काढली. दगड मारला तर माकड काजूचे बोंडू घेऊन पळते, काठी उगारली तरी घेऊनच पळते. पण तोंडातून अवाक्षर न काढता, सरळ रेषेत, वेग न मोडता धावत गेले की माकड बोंडू खाली टाकून झाडावर चढते. शेवटी एक हात अंतरावर मात्र थांबायचे. माकडाला हात लावायचा नाही, ते चावते.

पेडण्यात मावशीकडे राहून तो कॉलेजात जाऊ लागला आणि हीच विद्या त्याने माणसांवर चालवली. पहिल्या वर्षी समोरचे खेळाडू घाबरून चेंडू टाकून द्यायचे आणि सगुणचे सोबती तो उचलून गोल करायचे. दुसऱ्या वर्षी त्याचे नाव झाले. मग सगुणने नुसती मान वळवली तरी समोरचा चेंडू मिळेल त्या दिशेला भिरकावून मोकळा होई. म्हापशाच्या एका नावाजलेल्या खेळाडूने तर घाईघाईत चेंडू स्वतःच्याच गोलात मारला आणि वर सुटकेचा निःश्वास टाकला. सगुणने त्या सामन्यातही चेंडूला पाय लावला नव्हता.

हे सगळे कुणाला कळले असेल तर ते क्रीडाशिक्षक गुरुदास मांद्रेकर यांना. गुरुदासची नोकरी बावीस वर्षांची. या बावीस वर्षांत त्याच्या हाताखालचा एकही मुलगा कुठल्या व्यावसायिक क्लबात गेला नव्हता. पेडण्याचा मुलगा म्हटला की क्लबवाले विचारत, पेटी वाजवतो की तबला? फुटबॉलपटू तिकडे दक्षिण गोव्यात सासष्टीत पिकतात आणि भजनी मंडळे पेडण्यात, असे एकदा ठरून गेले होते. गुरुदासला हे खुपे. निवृत्तीआधी एक तरी मुलगा वर पाठवायचा, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

अशात फोंड्याकडच्या एका व्यावसायिक क्लबाने जाहीर केले की कॉलेजांतून दोन मुले घेणार. नोंदणीची शेवटची तारीख तीस एप्रिल. सगुणला ही संधी साधता आली नाही तर पावसाळा सरताच बापाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जायचे होते. भिकाजीने तसे मालकाला सांगूनही ठेवले होते. क्लबाची अट एकच, अर्जासोबत 'खेळाडू गुणवत्ता मूल्यमापन व पडताळणी कक्षा'चा अहवाल हवा.

हा कक्ष पेडण्यातच होता, एका किराणा दुकानाच्या माडीवर. गोव्यातल्या खेळाडूंचे गुण वाया जाऊ नयेत म्हणून तो स्थापन झाला होता आणि आजवर त्याने एकही गुण वाया जाऊ दिला नव्हता. सारे कपाटात होते. खाली सुक्या मासळीचा वास आणि वर चार टेबले. पहिल्यावर हेडक्लार्क नारायण, दुसऱ्यावर मोजमापाच्या चंद्रावतीबाई, तिसऱ्यावर शिक्क्याचे गोकुळदास आणि आतल्या खोलीत खुद्द कक्षप्रमुख. मूल्यमापनाचा अर्ज चौदा पानांचा होता. प्रश्न कोकणीत छापलेले, उत्तरे मराठीत मागितलेली आणि तळटीप इंग्रजीत. ती अशी, की तिन्हींपैकी कुठल्याही भाषेत अस्पष्टता आढळल्यास अर्ज बाद.

चंद्रावतीबाईंनी आधी सगुणच्या हाताची लांबी मोजली. मग पंजा पसरायला सांगून वीत मोजली.

"बाय, फुटबॉलात हात लावला तर फाऊल," गुरुदास म्हणाला.

"म्हणूनच मोजतंय, मास्तर. हात लांब, तितको धोको जास्त," असे म्हणून त्यांनी लांबीपुढे 'प्रतिकूल' लिहिले.

मग सामना बघायला कक्ष स्वतः आला. मैदानाच्या कडेला आंब्याखाली टेबल मांडले गेले, त्यावर मेजपोस, त्यावर पाण्याचा तांब्या. संघ तीन गोलांनी जिंकला. सामना संपताच नारायणने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. चेंडूस स्पर्श, शून्य. दिलेले पास, शून्य. गोलावर मारलेले फटके, शून्य. एकंदर शेरा, उमेदवार मैदानावर उपस्थित होता.

गुरुदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नारायणबाब, तो धावलो म्हणून समोरचे चुकले! तीनय गोल तेच्यामुळे झाले!"

नारायण शांतपणे टोपण लावीत म्हणाला, "चुकले कोण? समोरचे. मग चुका समोरच्यांच्या अहवालात येतल्या. दुसऱ्याच्यो चुको हेच्या कागदार कशो घालतलंय? उद्या ऑडिट इला तर?"

या युक्तिवादात खोट नव्हती, हाच त्याचा त्रास होता. गुरुदास दोन दिवस डोके धरून बसला. तिसऱ्या दिवशी नारायणनेच त्याला बाजूला घेऊन आपुलकीने सल्ला दिला. मुलाला म्हणावे, जरा सावकाश धाव. तो सावकाश धावला की समोरचा चेंडू सोडणार नाही, सोडला नाही की याचा पाय चेंडूला लागेल, लागला की रकाना भरेल. रकाना भरणे महत्त्वाचे.

गुरुदासने सगुणला हे सांगितले तेव्हा त्याने आपल्या पायांकडे बघितले.

"सर, हळू धावलंय तर माकड बोंडू खाऊन टाकीत."

"माका म्हायत आसा रे. एक दिवस खाऊं दी."

पुढच्या सामन्यात सगुण सांगितल्याप्रमाणे सावकाश धावला. चेंडू त्याच्या पायाला अकरा वेळा लागला, त्यातले सात वेळा समोरच्याने तो मुद्दाम त्याच्या पायांमधून काढला. संघ चार गोलांनी हरला. कक्षाने टाळ्या वाजवल्या. अहवालात नोंद झाली की उमेदवाराची प्रगती समाधानकारक असून शिक्षकांचे मार्गदर्शन वाखाणण्याजोगे आहे. बावीस वर्षांत गुरुदासची लेखी स्तुती झालेली ही पहिलीच वेळ. लाज वाटत असूनही त्याने त्या ओळीची एक प्रत काढून घेतली.

आता फक्त तीन सह्या आणि एक शिक्का राहिला होता. फाइल नारायणच्या टेबलावर होती. मार्च संपला, एप्रिल लागला. गुरुदास दर दोन दिवसांनी माडी चढे, आणि नारायण फाइल उचलून त्याला दाखवी, मग डाव्या गठ्ठ्यावरून उजव्या गठ्ठ्यावर ठेवी. पुढच्या खेपेला उजवीकडून डावीकडे. फाइल आपल्याच ताब्यात ठेवून माणसाला हुलकावणी द्यायची ही कला गुरुदासने मोठमोठ्या खेळाडूंतही पाहिली नव्हती.

"फाइल खंय गेली नाय, मास्तर. माझ्याकडेच आसा. सुरक्षित आसा."

"तारीख जवळ इली, नारायणबाब. तेच्या आयेन देवाक कौल लावलो. देवान उजवो दिलो."

"मग घाई कित्याक?" नारायण मनापासून म्हणाला. "देवान होय म्हटलां तर काम झालाच. आमची सही म्हणजे नुसती औपचारिकता. ती कधीय होता."

अठ्ठावीस एप्रिलला गुरुदास सगुणला घेऊनच गेला. मुलाचे तोंड पाहून तरी पाझर फुटेल अशी आशा. माडीवरच्या लांब गॅलरीत तीसपस्तीस माणसांची रांग होती. पोहणाऱ्यांचे दाखले, कबड्डीचे दाखले, कुणाच्या मुलाला लांब उडी मारून आठ वर्षे झाली होती आणि ती उडी अजून कागदावर उतरली नव्हती. सगुण रांगेच्या शेवटी उभा राहिला. गॅलरीच्या त्या टोकावरून सरळ दरवाज्यातून नारायणचे टेबल दिसत होते. नारायणने त्याच वेळी सवयीने फाइल उचलली. डावीकडून उजवीकडे.

पुढे जे झाले त्याला सगुणचा इलाज नव्हता. कुणाच्या हातात काही आहे आणि तो ते सोडत नाही, एवढे दिसले की त्याचे पाय आपोआप निघत. तो धावला. आवाज नाही, शिवी नाही, सरळ रेषेत.

"ओ, लायन सोडून खंय धावतास?" रांगेतून एक गृहस्थ ओरडले.

नारायणने मान वर केली. पाच फूट दहा इंचांचे काहीतरी आपल्याकडे येत आहे आणि त्याचा वेग कमी होत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. एकोणीस वर्षांच्या सेवेत त्याच्याकडे कुणी धावत आलेले नव्हते. लोक येत ते वाकून येत. त्याने फाइलीवर सही केली आणि ती चंद्रावतीबाईंच्या टेबलावर फेकली. सगुण वळला. चंद्रावतीबाईंनी "अगे बाय माझ्या" म्हणत सही केली आणि फाइल गोकुळदासकडे सरकवली. गोकुळदासने शिक्का मारला, दुसरा शिक्का चुकून स्वतःच्या मनगटावर मारला आणि फाइल आतल्या खोलीत लोटली. कक्षप्रमुख त्या वेळी उसळपाव खात होते. त्यांनी रश्श्याच्या बोटांनी सही केली. फाइल दारातून बाहेर येऊन गुरुदासच्या पायाशी पडली.

चार टेबले, पन्नास सेकंद. सगुण एक हात अंतरावर थांबून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. "सॉरी सर," तो म्हणाला. फाइलीला त्याने स्पर्शही केला नव्हता.

मग मघाशी ओरडलेले गृहस्थच पुढे आले, सगुणच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत मायेने म्हणाले, "बाबा, ती थंयची हिरवी फाइल माझी. एकदा धावशी मरे?"

सगुणला नाही म्हणता येत नसे. तो धावला. मग निळ्या फाइलीसाठी धावला, मग दोरी बांधलेल्या गठ्ठ्यासाठी. दुसऱ्या दिवशी मोप, धारगळ, कोरगाव, सगळीकडची माणसे मोटारसायकलीवर बसून आली. तिसऱ्या दिवशी दुपारी कक्षाची कपाटे रिकामी झाली आणि त्यांच्या तळाशी आठ वर्षांपूर्वीची ती लांब उडी सापडली. तीही सही होऊन गेली. त्याच दिवशी गुरुदासने स्वतः फोंड्याला जाऊन सगुणचा अर्ज भरला. परत येताना बसमध्ये त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला पेढा दिला.

कक्षात मात्र सुतकी कळा होती. महिनाअखेरचा तक्ता वर पाठवायचा होता आणि त्यात लिहावे लागत होते, 'प्रलंबित प्रकरणे : शून्य'. प्रलंबित प्रकरणे नाहीत म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे चार टेबलांची गरज नाही. म्हणजे तिघांची बदली काणकोणला, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चंद्रावतीबाईंनी तर घरी फोन करून काणकोणला नारळ काय भावाने मिळतात याची चौकशीही सुरू केली.

कक्षप्रमुखांनी तातडीची बैठक घेतली. हा मुलगा असाच धावत राहिला तर कचेरी बंद पडेल, यावर एकमत होते. त्याला अडवायचे कसे? दाराला कडी लावली तर लोक बोंब मारतील. पोलीस बोलवावेत तर गुन्हा कुठला? त्याने कुणाला हात लावलेला नाही, उलट तो सॉरी म्हणतो. शेवटी कक्षप्रमुखांनी सगुणचा अहवाल पुन्हा मागवून वाचला आणि वीस वर्षांत प्रथमच त्यांनी एखाद्या खेळाडूचे खरे मूल्यमापन केले. त्यांनी लिहिले, 'उमेदवाराचे गुण असामान्य असून ते खासगी क्लबाच्या हाती जाणे लोकहिताचे नाही. कनिष्ठ लिपिकाची जागा रिकामी आहे. क्रीडा कोट्यातून कायम नेमणूक करावी.'

ही फाइल सगुण न धावताही एका दिवसात चार टेबले फिरली.

त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात लाटंबार्सेला एकाच दिवशी दोन लिफाफे पोचले. एक क्लबाचा. सगुणला एका वर्षाच्या करारावर घेतले होते. दुसरा सरकारी. गुरुदास धावतपळत लाटंबार्सेला गेला तेव्हा अंगणात वाडीतली माणसे जमली होती आणि भिकाजी नव्या शर्टात बसला होता. सगुणच्या आईने, देवकीने, सरकारी लिफाफा देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले होते. क्लबाच्या लिफाफ्यावर चहाचा कप होता.

"सर, पोर म्हणता माका खेळाचा आसा," देवकी म्हणाली. "तुमीच तेका दोन शब्द सांगा. तुमचा ऐकता तो."

गुरुदास हेच सांगायला आला होता. खेळ, म्हणून सांगायला. बावीस वर्षे वाट पाहिली, पेडण्याचा पहिला मुलगा, सगळी वाक्ये बसमध्येच जुळवून झाली होती. सगुण दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे बघत होता.

"बाय, खेळात तेचां नाव होतला," त्याने सुरुवात केली.

देवकीने ऐकून घेतले. मग कसलाही खोचकपणा न आणता, खरेच माहीत नसल्यासारखे तिने विचारले, "तुमचो झील खंय कामाक आसा, सर?"

गुरुदासचा मुलगाही चांगला खेळे. अकरावीत असताना गुरुदासने त्याचे बूट माळ्यावर टाकले होते.

"सरकारात," गुरुदास म्हणाला. मग त्याने खाली बघून पुढे जोडले, "पर्मनंट."

सगुणने चौकट सोडली, आत गेला आणि सरांसाठी चहा घेऊन आला. क्लबाने त्याच्या जागी दुसरा कुणी घेतला. त्या नव्याच्या अहवालात चेंडूस स्पर्श एकशे चार होते.

वर्ष गेले. गुरुदासला विशाल नावाचा एक मुलगा सापडला. डाव्या पायाचा, नजर तेज. पुन्हा तोच चौदा पानांचा अर्ज, पुन्हा तीस एप्रिल. या खेपेला गुरुदास निर्धास्त होता, कारण फाइल सगुणच्या टेबलावर होती.

सगुण त्याला पाहताच उठला, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. अंगाने तो आता भरला होता. फाइल त्याने उचलून दाखवली, आणि डावीकडची उजवीकडे ठेवली.

"खंय गेली नाय, सर. माझ्याकडेच आसा."

कपाटे पुन्हा तुडुंब भरली होती. काणकोणचे नाव कुणी काढत नव्हते. नारायण तर सगुणवर बेहद्द खूश होता. अकरा महिन्यांत या पोराच्या हातून एकही फाइल कुणाला काढता आली नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मध्यंतरी सगुणची ऐकीव कीर्ती धरून तालुक्यातली तीनचार पोरे धावत आलीही होती. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

"तुका भय दिसलां नाय?" गुरुदासने विचारले.

"भय कसला, सर?" सगुण मऊ आवाजात म्हणाला. गुरूपासून त्याने कधी काही लपवले नव्हते. "कोणय धावत इलो तर फाइल छातीक धरून बसान रवाचा. तो एक हात अंतरार थांबता. हात लावना नाय. माका म्हायत आसा."

गुरुदास चहा न संपवता बाहेर आला. अठ्ठावीस एप्रिल होती. विशाल खाली किराणा दुकानाच्या पायरीवर सायकल धरून वाट बघत होता. गुरुदास गॅलरीच्या टोकाला गेला. तिथून दरवाजा, दरवाज्यातून टेबल आणि टेबलामागे सगुण सरळ रेषेत दिसत होते. गुरुदासचे वय चोपन्न, उजवा गुडघा अधू. त्याने चपला काढून भिंतीला लावल्या. चष्मा खिशात घातला. एक हात अंतरावर थांबायचे नाही, आज काय व्हायचे ते होऊ दे, असे त्याने मनाशी ठरवले. तीन पावले तो खरोखरच धावला.

"ओ मास्तर, लायनीत या! आमी काय पिशे म्हणून उभे आसव?"

गुरुदास थांबला. त्याने चपला घातल्या, चष्मा लावला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. ओरडले कोण हे त्याने वळून पाहिले नाही. गेल्या वर्षी ज्यांची हिरवी फाइल सर्वांत आधी निघाली होती, तेच ते गृहस्थ. सगुण पहिल्यांदा धावला ते वाचताना तुम्ही पोट धरधरून हसलात, म्हणजे या रांगेत तुम्हीही आहात आणि तो आवाज कुणाचा हे तुम्हाला सांगायला नको. बाकी तुमचा नंबर आता सातवा आहे. पुढे बघून उभे राहा.